डाव्या कडेचा गोरक्ष

नोहा पाटोळेबद्दल गावात कुणी वाईट बोललं की मला राग येतो, आणि कुणी त्याची कीव केली तरी येतो. बोलणाऱ्यांना काही माहीत नसतं. मला माहीत आहे, कारण त्याच्या हातून जे झालं त्याला माझाही हातभार होता.

नोहा मूळचा शेवगावचा. मिसरूड फुटायच्या आधीच तो एका तंबू टॉकीजमध्ये शिरला आणि पुढची वीस वर्षं त्याने नगर जिल्ह्यातल्या जत्रा पालथ्या घातल्या. मढी, कर्जत, आमच्या पारनेर तालुक्यातली गावं, जिथे देव तिथे नोहाचा तंबू. मशीन तोच चालवायचा, म्हणून सगळे त्याला ऑपरेटर म्हणत. आमच्या गावच्या अंगणवाडीतल्या ग्रेसबाईंशी लग्न झालं आणि तो आमच्याच आळीत राहायला आला. माणूस बोलायला गोड, पण मशीनचा विषय निघाला की नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

त्याच्या उस्तादाने त्याला एकच गोष्ट शिकवली होती: पडद्यावर पांढरं दिसता कामा नये. चित्र पडद्याच्या कडेपर्यंत भरलं पाहिजे, चार बोटं बाहेरच्या काळ्या कापडावर सांडलं तरी चालेल. तंबूत मशीन एकच. एक रीळ संपलं की थांबून दुसरं चढवायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका क्षणभर चमकतो. तो दिसला की हात दिव्याच्या झाकणीवर ठेवायचा आणि कोरा पडदा उजळायच्या आत झाकणी पाडायची. उशीर झाला की पडदा पांढराफेक पडतो आणि पब्लिक शिट्ट्या मारतं. "वीस वर्षांत माझ्यावर एकदाबी शिट्टी पडली न्हाई," असं तो मला इतक्या वेळा सांगायचा की मी चहा अर्धा टाकून उठायचो.

आता राहीबाई. राहीबाई आमच्या गावची, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी, नवरा लवकर गेलेली. तिला गोरक्ष नावाचा एकच मुलगा. अठ्ठ्याहत्तर साली आमच्या गावाजवळच्या घाटात डाकूंच्या एका हिंदी सिनेमाचं शूटिंग झालं. गर्दी हवी म्हणून आमच्या गावची माणसं नेली, त्यात गोरक्षही गेला. डाकू गावात शिरतात आणि गावकरी रांगेने उभे राहून बघतात, असा प्रसंग. दोन वर्षांनी विहिरीच्या कामावर सुरुंग उडाला आणि गोरक्ष त्यात गेला. वय एकोणीस. त्याचा एकही फोटो नव्हता. चेहरा बघायचा तर तो त्या सिनेमात, सहा-सात सेकंद, एवढाच उरला होता.

आमच्या गावाचा सिनेमा म्हणून टॉकीजचा मालक दर चैत्रात जत्रेला एक दिवस तोच लावायचा. राहीबाई पार पुढे, डाव्या हाताला बायकांच्या बाजूला, पडद्याच्या अगदी कडेशी बसायची. सिनेमा रुंद, त्याला वेगळं भिंग लावावं लागे, पडदाही दोन्ही बाजूंनी वाढवत. त्या वाढवलेल्या पडद्याच्या डाव्या टोकाला गोरक्ष यायचा. तो येऊन गेला की राहीबाई उठून घरी जायची. बाकीच्या सिनेमाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. अकरा वर्षं असं चाललं.

एक्क्याण्णवला तंबू बंद पडला. लोकांना घरात टीव्ही आले, जत्रेत धूळ खात कोण बसतो? नोहाने घरावर डिश बसवली, व्हीसीआर आणला आणि कौलांवरून वायरी ओढून गावाला केबल दिलं. त्याला ते काम मनापासून आवडत नव्हतं, पण करायचा. राहीबाई त्याच्या दारात यायची. "नोहा, माज्या गोरक्षाला एकदा दाव की रं."

"मावशी, कॅसेट तर गावू दे."

तीन वर्षं तो कॅसेट शोधत होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून लोक हे विसरतात. चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये नगरला एक व्हिडिओ लायब्ररी मोडीत निघाली, तिथे ती सापडली. परदेशी पाठवण्यासाठी काढलेली कॅसेट, चित्र काचेसारखं स्वच्छ. रविवारी दुपारी लावणार असं त्याने गावभर सांगितलं. राहीबाईच्या घरी टीव्ही नव्हता. ती धुतलेलं लुगडं नेसून नोहाच्या पुढच्या खोलीत येऊन बसली.

सिनेमा सुरू झाला आणि चित्राच्या वर एक काळी पट्टी, खाली एक काळी पट्टी. मधल्या फटीत घोडे पळतायत. दहा मिनिटांत नोहाच्या दारात माणसं जमली. एकाने टीव्हीला धपाटे घालून पाहिले होते, एकाने मेकॅनिकला बोलावणं धाडलं होतं. "आमचा टीव्ही झाकून कशाला ठेवला?" म्हणून ओरडणाऱ्यांत मीही होतो. मी शाळेतला कारकून, चार बुकं शिकलेला, आणि माझाही समज तोच की नोहाने काहीतरी चुकीचं जोडलंय.

नोहा बाहेर येऊन समजावू लागला. "नाना, खोली चौकोनी आन् सतरंजी लांब. सगळी सतरंजी मावायला पायजे तर ती लहान करावी लागती, मग वर-खाली जागा मोकळी राहती. खोली भरायची म्हणलं तर सतरंजी दोन्ही अंगांनी मुडपावी लागती."

"मग मुडप की," मी म्हणालो. हसलेही सगळे. कुणीतरी मागून शिट्टी मारली.

ती शिट्टी ऐकून नोहाचा चेहरा पडला, तो मला अजून दिसतो. आत गेला आणि त्याने व्हीसीआर बंद केला. मी दारातच होतो. राहीबाई म्हणाली, "असू दे की रं पट्टी. मला काय करायचंय पट्टीला? माजं लेकरू तेवढं दाव."

"मावशी, असलं निम्मं-अर्धं मी लावनार न्हाई. पडदा भरून दावतो तुला. आठ दिस थांब."

अरे, दाखवायचं होतं ना तिला एकटीला! आम्हा सगळ्यांची वायर काढून दाखवायचं होतं. पण त्या दिवशी तो ऑपरेटर होता आणि त्याच्या पडद्यावर शिट्टी पडली होती. राहीबाई पदर सावरत घरी गेली.

नगरला योगेश म्हणून एकजण लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग करायचा. नवरा-नवरीभोवती फुलं फिरवायची, बदामात चेहरा बसवायचा, असली कामं. त्याच्या यंत्रात चित्र मोठं करता यायचं. नोहाने तिथे बसून सबंध सिनेमा मोठा करून दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेतला. पट्ट्या गेल्या, टीव्ही कडेपर्यंत भरला. दोन्ही बाजूंचं जे बाहेर गेलं ते गेलं.

त्याच आठवड्यात माझी पुतणी विजयमाला हिचं लग्न होतं. शूटिंगवाला म्हणाला कॅसेट तुमची आणा. मी नोहाकडे गेलो. त्याने ती जुनी, पट्टीवाली काढून दिली. पुसली जाऊ नये म्हणून कंपनीने तिच्या पाठीची खाच मोकळी ठेवलेली असते. त्या खाचेवर त्याने स्वतः चिकटपट्टी लावून दिली. "न्या नाना. आता हिचं काय काम?" मी काखेत मारून घेऊन आलो. हळद, सीमंतपूजन, मंगलाष्टका, जेवणाच्या पंगती, सगळं तिच्यावर उतरलं.

लग्न उरकल्यावर, पुढच्या रविवारी दुपारी, नोहाने सिनेमा लावला. गाव खूश. मीही मुद्दाम त्याच्याकडे जाऊन बसलो. राहीबाई जमिनीवर, टीव्हीच्या डाव्या कोपऱ्याशी सरकून बसली होती. मध्यंतराच्या थोडं आधी डाकू गावात शिरले. गावकरी उभे राहिले. डाकूच्या घोड्याचं तोंड टीव्हीभर आलं आणि गेलं.

"मागं घे," राहीबाई म्हणाली.

नोहाने मागं घेतलं. पुन्हा घोडा. "मागं घे." तिसऱ्यांदा तिने काचेच्या कडेवर बोट ठेवलं आणि ते बोट टीव्हीच्या बाहेर, लाकडी खोक्यावर सरकवलं. "हितं हुता त्यो. ह्या अंगाला."

नोहाने व्हीसीआर थांबवला. म्हणाला, "मला वाटलं, मधी कुटंतरी असंल."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी घरी गेलो आणि लग्नाची कॅसेट घेऊन आलो. तिघांनी बसून ती पुढे पळवली. हळद पळाली, पंगती पळाल्या, विजयमाला रडत टेम्पोत बसली आणि एकदम पडद्यावर दोन काळ्या पट्ट्या आल्या. राहीबाई पुढे झाली. पण तो सिनेमाचा शेवट होता. डाकू मरून पडलेला आणि वर-खाली काळं. मध्यंतराच्या जागी आमच्या भावकीचे आहेर चालले होते.

नोहाने पुढची दोन वर्षं काय नाही केलं? टॉकीजच्या जुन्या मालकाकडे गेला, मुंबईला प्रिंट भाड्याने देणाऱ्यांच्या ऑफिसात गेला. ऑफिस बंद झालेलं, प्रिंटा भंगारात गेलेल्या. दुसरी कॅसेट मिळाली ती दोन्ही बाजू कापलेलीच. मी त्याच्याबरोबर तीनदा गेलो. मला माझी लाज वाटायची, म्हणून गेलो.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात राहीबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका सकाळी ती नोहाच्या ओट्यावर येऊन बसली. मी तिथेच पेपर वाचत होतो. ती म्हणाली, "नोहा, आता मला त्यो नीट आठवंना झालाय. तोंड म्होरं येतंय आन् पुसतंय. तू तर गावोगाव शंभरदा दावलाय. सांग, कसा दिसायचा माजा गोरक्ष?"

नोहाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "लई रुबाबदार, मावशी. डोक्याला लाल पागुटं, अंगात पांढरी बंडी. ताठ हुबा राहायचा."

राहीबाईने मान हलवली.

"पागुटं न्हवतं रं. डोक्याला कायबी न्हवतं. ऊन हुतं म्हनून त्यानं कपाळावं हात धरल्याला." तिने स्वतःचा हात कपाळावर धरून दाखवला. "एवढं मला आठवतंय. हाताखालचं तोंड आठवंना, म्हनून तुला इचारलं."

नोहाने मान खाली घातली. "मावशी, तितं रीळ संपायचं. मी ठिपक्याकडं बघत असायचो. उजव्या कोपऱ्यात."

"दर बारीला?"

"व्हय."

"शंभरात एकदाबी त्याच्याकडं बघितलं न्हाईस?"

"एकदाबी न्हाई, मावशी."

राहीबाईने हात कपाळावरून खाली घेतला आणि ओट्याची कड चाचपत ती उतरून गेली. त्यानंतर ती नोहाच्या दारात कधी आली नाही.