एका फेकीत हंडा

मला आयुष्यात एकच खेळ नीट खेळता आला, आणि तो खेळ अख्ख्या गिरीज गावात माझ्या दिराशिवाय कुणाला ठाऊक नव्हता.

दीर म्हणजे अंतोन. कॅनडात नोकरीला. माझ्या नणंदेच्या, मर्सीच्या, लग्नासाठी महिनाभराची रजा काढून आला होता. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. परदेशातून माणूस आला की घरातले आधी बॅगेकडे बघतात, मग माणसाकडे. बॅग उघडली. चॉकलेटं निघाली, सेंटच्या बाटल्या निघाल्या, आणि त्याखाली प्लास्टिकच्या रंगीत चकत्यांची चळत. सासूबाईंना वाटलं, ताटल्या आहेत. त्यातल्या दोन-तीन उचलून त्यांनी स्वयंपाकघरात नेल्यासुद्धा. (एका मावशींना त्यातल्याच एकीत पापड वाढलेले मी पुढे लग्नात पाहिले.)

"आई, ताटल्या नाहीत त्या. डिस्क गोल्फच्या डिस्क आहेत," अंतोन म्हणाला. "लांबून फेकायच्या आणि टोपलीत पाडायच्या."

"फेकायच्याच होत्या तर इतक्या लांबून आणल्यास कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

(सासूबाई आमच्या गावच्या बोलीत बोलायच्या. ती कागदावर उतरवायची माझी ताकद नाही, म्हणून इथे त्या शाळेतल्या मराठीत बोलतील. निम्मा तिखटपणा त्यात गेला, एवढं ध्यानात ठेवा.)

दुसऱ्या दिवशी अंतोनने सासूबाईंच्या केळी भरायच्या टोपल्या घेतल्या आणि वाडीतल्या माडांना कमरेच्या उंचीवर सुंभाने बांधल्या. तिकडे म्हणे लोखंडी टोपली असते, तिला साखळ्या लोंबत असतात. एकेका टोपलीत कमीत कमी फेकींत चकती पाडायची. आणि पहिल्याच फेकीत पडली तर? "तर वहिनी, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात," अंतोन म्हणाला. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. "माझ्या टोपल्यांना फाशी दिली, मीही रडते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पहिली फेक माझ्या नवऱ्याची, ज्योची. ती शेजाऱ्यांच्या बावखलात गेली. बावखल म्हणजे वाडीला पाणी पाजायचं तळं, आणि त्यात शेजाऱ्यांची बदकं. बदकांनी आरडाओरडा केला, शेजाऱ्यांनी बदकांची बाजू घेतली, आणि ज्यो हात झटकून पेपर वाचायला निघून गेला. त्यानंतर या खेळाचं त्याने नाव काढलं नाही.

राहिले मी. अंतोनने मला कमरेशी हात धरून, मनगटाला झटका देऊन फेकायला शिकवलं. माझी प्रत्येक चकती दहा पावलांवरच्या केळीत जाऊन बसायची.

"वहिनी, मनगट सैल सोड."

"मनगट सैल सोडलं तर बांगड्या जातील. त्या कोण शोधणार?"

शेवटी वैतागले. मी मूळची भुईगावची. आमच्याकडे धुणं कुरवाळत बसत नाहीत. पिळा डोक्यावरून मागे घ्यायचा आणि दगडावर आपटायचा. रागाच्या भरात मी चकती तश्शी उभी धरली, डोक्यावरून आणली आणि पुढे आपटली, फक्त दगड नव्हता म्हणून ती सुटली. केळींच्या वरून गेली, माडाच्या झावळ्यांपाशी उताणी झाली, आणि तिथून दमल्यासारखी सरळ खाली आली ती टोपलीत. अंतोनचं तोंड उघडंच.

"वहिनी, काय केलंस हे?"

"धुतलं," मी म्हटलं.

तो म्हणाला, तिकडेही काहीजण डोक्यावरून फेकतात, पण त्यासाठी वर्षानुवर्षं घाम गाळतात. मी म्हटलं, घाम मीही गाळलाय, फक्त सोबत साबणही होता.

दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं. एका फेकीत टोपली. पण या खेपेला अंतोन लग्नपत्रिका वाटायला गेलेला, आणि वाडीत मी आणि शेजाऱ्यांचं एक बदक. मी धावत घरात गेले आणि सांगितलं. सासूबाई कोलंबी सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मार्था, शाळेत पोरांना हेच शिकवतेस का? न झालेलं झालं म्हणून सांगायला?"

"आई, पहिल्या वेळी अंतोन होता की."

"अंतोनचं नको सांगूस. तो मला ताटल्यांना डिस्क म्हणून सांगतो."

मला लागलं ते. खोटं कशाला बोलू? सासूबाईंनी मला कधी छळलं नाही, पण लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यांच्या तोंडून एक कौतुकाचा शब्द काही ऐकला नव्हता. मी जीव ओतून कालवण करायची. त्या दोन घास खाऊन म्हणायच्या, "मीठ आहे." आता हाताला देवाने एक कला दिली होती, ती एकदा, फक्त एकदा, या बाईने डोळ्यांनी बघावी एवढीच माझी इच्छा. गाव गेलं खड्ड्यात आणि कॅनडाही.

तशी संधी लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आली. आमच्याकडे आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. हंडा सासूबाईंच्या स्वतःच्या लग्नातला. तांब्याचा, पोटाला मोठा, तोंडाला अरुंद, चिंचेने घासून लखलखीत केलेला. आणि त्याचे आमच्या घराचे कडक नियम. एकदा भरलेला हंडा रिकामा करून पुन्हा भरायचा नाही. त्यात तांब्या बुडवायचा नाही, पाणी उष्टं होतं. हंडा कलता करून नवरीच्या डोक्यावर सरळ धार धरायची.

बँडवाले दम खात होते. सासूबाईंनी हंडा भरून विहिरीच्या कठड्यावर ठेवला होता आणि त्यावर क्रुसाची खूण करत होत्या. सगळे नातेवाईक गोळा झालेले. विहिरीपलीकडे माडाला अंतोनची टोपली. अंतोनने खिशातून, म्हणजे कोटाच्या आतून, एक चकती काढली आणि हळूच माझ्या हातात दिली. "वहिनी, सगळे आहेत. दाखवच एकदा."

मी रेशमी साडीचा पदर खोचला. (इथे कुणीतरी मला अडवायला हवं होतं. कुणी अडवलं नाही. माणसं अशी असतात.)

"आई, इकडे बघा," मी म्हटलं.

त्यांनी बघितलं. मी आपटली. चकती वर गेली, उताणी झाली, आणि मला वाटलं होतं त्याच्या अर्ध्या वाटेवरच दमली. सासूबाईंच्या नाकासमोरून उभीच्या उभी खाली आली, हंड्याच्या तोंडात घुसली, मऊ जातीची होती म्हणून दुमडली, आणि डुबुक करून आत गेली. आत जाऊन ऐसपैस पसरली.

 अंतोनने दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "एका फेकीत!"

ती बाहेर काढायचे सगळे प्रयत्न झाले. तोंडातून हात जायचा एकच, आणि चकती दुमडायला लागायचे दोन. कुणी चिमटा आणला, कुणी झारा. एक आत्या म्हणाल्या, "प्लास्टिक पडलं, पाणी बाटलं." सासूबाई म्हणाल्या, "कोरं आहे, परदेशातून आलंय." बँड पुन्हा सुरू झाला आणि हंडा चकतीसकट घरी आला.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी. मर्सी हळद लावून अंगणात पाटावर बसली. तिकडे चर्चमध्ये मिस्साची वेळ होत आलेली. दोघी आत्यांनी हंडा उचलून कलता केला. पाण्याबरोबर चकती आली आणि तोंडाला आतून झाकणासारखी बसली. मर्सीच्या कपाळावर चार थेंब पडले. हंडा सरळ केला की चकती मागे, कलता केला की पुढे.

"आई, मला असंच पिवळं घेऊन जाणार का चर्चमध्ये?" मर्सी रडवेली झाली.

"आत्या, तांब्या बुडवू या का?" मी विचारलं. मी विचारायला नको होतं.

सासूबाई हंड्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तांब्या चालत नाही. हाताबद्दल कुणी काही सांगून ठेवलेलं नाही. ज्याने टाकली त्याने धरायची. मार्था, ये."

मी बांगड्या काढल्या आणि उजवा हात कोपरापर्यंत हंड्यात घातला. चकती तळाशी दाबून धरली. आत्यांनी हंडा कलता केला, तशी मीही हंड्याबरोबर कलती झाले. अर्धं पाणी मर्सीच्या डोक्यावर पडलं आणि अर्धं माझ्या हातावरून काखेत, तिथून रेशमी साडीत. व्हिडिओवाला समोर उभा. "ताई, इकडे बघा, जरा हसा." मी हसले. ते हसू आजही कॅसेटमध्ये आहे.

मर्सी न्हाली, मिस्साला वेळेवर पोचली, सासरी राजोडीला गेली. चकती हंड्यातच राहिली. सासूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या आणि मीही तोंड वर करत नव्हते.

पंधरवड्याने मर्सीच्या सासरची मंडळी जेवायला आली. जेवण झाल्यावर ज्योने (या माणसाला अक्कल कधी येणार?) लग्नाची कॅसेट लावली. आला तो प्रसंग. टीव्हीवर मी, हंड्यात हात घालून, चिंब, हसतेय. मर्सीच्या सासूबाई पुढे सरकून बसल्या.

"विहीणबाई, हे काय करताहेत त्या?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्या सासूबाईंनी शांतपणे सुपारी तोंडात टाकली.

"आमच्या घरची जुनी रीत आहे," त्या म्हणाल्या. "मोठ्या सुनेने हंड्यात हात घालून पाणी सोडायचं. घराण्याची माया त्या हातातून नव्या संसारात जाते."

मला भरून आलं. माझ्यासाठी, त्या बाईने, व्याह्यांसमोर, सुपारी चघळत इतकं मोठं खोटं बोलावं! स्वयंपाकघरात मी त्यांचा हात धरला. "आई, तुम्ही माझी लाज राखलीत."

"टोपलीत पडली असती तर एवढं बोलावं लागलं नसतं," त्या म्हणाल्या. मग पातेलं झाकत म्हणाल्या, "पण वर गेली तेव्हा छान दिसत होती."

एवढ्यावर मी वर्षभर जगले असते. पण दोन वर्षांनी राजोडीला मर्सीच्या धाकट्या दिराचं लग्न निघालं. आम्ही सगळे गेलो. नवरदेव आंघोळीला पाटावर बसला, हंडा आला, आणि मर्सीच्या सासूबाईंनी कौतुकाने हाक मारली, "मोठ्या सूनबाई, या. तुमच्या माहेरची रीत, फार आवडली हो मला."

मोठी सून म्हणजे मर्सीच. नवी कोरी साडी नेसून ती पुढे आली, हंड्यात हात घातला, आणि बाया हंडा कलता करायला लागल्या तशी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत घराण्याची माया अजिबात नव्हती. पाणी तिच्या काखेत शिरलं. तिच्या सासूबाई मोठ्या आदराने माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही यातल्या जाणकार. बरोबर करतेय ना ती?"

मी माझ्या सासूबाईंकडे बघितलं. त्या आभाळाकडे बघत होत्या. मग मी शाळेत वापरते त्या आवाजात सांगितलं,

"हात अजून थोडा आत हवा."