चित्रातली सुईण

डिसेंबरात हर्नडनहून मेट्रोने वॉशिंग्टनला जायचं आणि चित्रांचं म्युझियम बघायचं, हा रिवाज आमच्या घरात नवऱ्याने पाडला. यंदा तिथे एक म्हातारी गाईड येशूजन्माची जुनी इटालियन चित्रं समजावून सांगत होती. आम्ही तिघं, म्हणजे आम्ही दोघं आणि सहा वर्षांची लेक, तिच्यामागे उभे राहिलो.

पहिल्या चित्रात मेरी आडवी पडली होती, चारचौघींसारखी बाळंतीण. खाली दोन सुइणी बाळाला न्हाऊ घालत होत्या आणि त्यातली एक हात बुडवून पाणी किती कढत आहे ते बघत होती. गाईड म्हणाली, पुढच्या चित्रकारांनी या सुइणी काढून टाकल्या. मेरीला कळा आल्याच नाहीत असं ठरलं, मग सुईण कशाला? त्यानंतरच्या चित्रांत मेरी हात जोडून गुडघ्यांवर, बाळ उघडं जमिनीवर, आणि नवरा कोपऱ्यात पेंगतोय. कळा आल्या नाहीत म्हणे. बाळंतिणीला विचारायला कोणी गेलं असेल असं काही वाटत नाही.

मी त्या पाणी बघणाऱ्या बाईपाशीच अडकले. माझी आई असंच पाणी बघते, फक्त कोपराने. आमच्या आळीतली निम्मी बाळं तिने पायांवर घेऊन न्हाऊ घातलीत. माझ्या वेळी तिने पाचव्या महिन्यातच डिंक, अळीव, वेखंड आणून ठेवलं होतं.

ती भारतातून माझ्या बाळंतपणाला इकडे येणार होती; तिच्या अमेरिकन व्हिसाच्या मुलाखतीची तयारी मी करून घेतली. इथल्या एका काकूंनी बजावलं होतं की बाळंतपणाचं नाव काढायचं नाही, आया म्हणून कामाला चालल्यात असं समजतात. मी ते ब्रह्मवाक्य मानलं. रोज फोनवर आईकडून घोकून घेतलं: फिरायला चालले आहे, म्युझियम बघणार, चित्रं बघणार. आईने जन्मात एक चित्र धड बघितलं नव्हतं. ती म्हणायची, "अगं, खरं सांगितलं तर काय बिघडेल?" मी तिच्यावर खेकसायची.

खिडकीतल्या अधिकाऱ्याने तिला सरळच विचारलं, मुलगी गरोदर आहे का? आई नाही म्हणाली. मग त्याने कागदांची फाईल मागितली. फाईलच्या आतल्या कप्प्यात तिने माझ्या डोहाळजेवणाचा फोटो ठेवला होता, फुलांच्या वाडीतला, सात महिन्यांच्या पोटासकट. कोणाला दाखवायला नव्हे, जवळ असावा म्हणून. व्हिसा नाकारला.

माझं बाळंतपण यूट्यूबने केलं. नवऱ्याची रजा आठवड्यात संपली, मग तो शेजारच्या खोलीत मीटिंगमध्ये असायचा. लेकीला पहिली आंघोळ मी किचनच्या सिंकमध्ये घातली, टाके सांभाळत, रडत. महिन्याभराने खालच्या मजल्यावर एकीची आई आली. मी विचारलं, मुलाखतीत काय सांगितलंत? त्या म्हणाल्या, लेकीचं बाळंतपण आहे म्हटलं, दोन मिनिटांत व्हिसा दिला. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी चीड आली, तेवढी आजवर कोणाचीच आलेली नाही.

आईने पुन्हा अर्ज केला नाही. मी हातापाया पडले. ती एवढंच म्हणाली, "मी आयुष्यात कुणाच्या बाळंतपणाला नाही म्हटलं नव्हतं. पोटच्या पोरीच्या बाळंतपणाला म्हटलं. आता त्या खिडकीत तोंड दाखवायचं नाही मला." आजी लेकीला फोनच्या पडद्यावरच माहीत आहे.

लेक शेवटच्या चित्रासमोर थांबली होती. उघड्या जमिनीवरच्या बाळाकडे बघून तिने विचारलं, "बट हू गेव्ह हिम अ बाथ?"

"एक बाई होती," मी म्हणाले. "तिला चित्रातून काढून टाकलं."

"हू डिड?"

गाईड कौतुकाने वाकून सांगायला पुढे झाली. माझ्या तोंडून तिच्या आधीच निघालं, "मी."