किटलीची जागा

मिरवणूक मुद्दाम आमच्या दारावरनं नेली. निवडून आलेल्याचं घर वरच्या गल्लीत. तरी ट्रॅक्टर ओढा ओलांडून महारवाड्यात आला. मी उंबऱ्यात उभा होतो. विजयी उमेदवाराचा धाकटा भाऊ, गावच्या दूध संस्थेचा सचिव, खाली उतरला आणि त्यानं मूठभर गुलाल माझ्या डोक्यावर चोळला. डोळ्यांत गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "नाचा की, पावणं."

पावणं. ज्या गावात माझी नाळ पुरली, त्या गावात.

मी नाचलो. चार पावलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती. आमचं गाव मुरगूडच्या रस्त्याला. मी कोल्हापुरात फाउंड्रीत कामाला. युनियनमध्ये चार शब्द बोलायला शिकलो होतो. त्या जोरावर ग्रामपंचायतीला खुल्या जागेवर उभा राहिलो. पडलो. पडणं एक वेळ सोसलं असतं. पण आमच्याच वाड्यातली मतं फुटली होती, आणि ज्यांची फुटली ते त्या मिरवणुकीत हलगी वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली. बायको, बाळाबाई, दूध घालायला गेली होती. तिला न सांगताच निघालो. एस.टी. स्टँडची वाट संस्थेवरनं जाते. तिथं बाळाबाई दिसली म्हणून मी गिरणीच्या भिंतीआड थांबलो.

आमच्याकडं लाईन माणसांची नसायची, किटल्यांची असायची. आलं की किटली ठेवायची आणि कट्ट्यावर बसायचं. किटली जागा धरायची. पूर्वी आमच्या वाड्याचं दूध सगळ्यांचं झाल्यावर घेत. ते हळूहळू मोडलं होतं. माझ्या भाषणांनी नव्हे. बाळाबाई आणि वाड्यातल्या बायका रोज वीतभर किटली पुढं ठेवत गेल्या, म्हणून.

त्या सकाळी सचिवानं तिची किटली पायानं मागं सारली.

"ए बाळे, तुमच्या लोकांचं शेवटाला. आजपास्नं."

तिनं किटली उचलली, परत जागेवर ठेवली. त्यानं परत सारली. दूध हिंदकळलं. तिसऱ्यांदा ती किटली मांडीत घेऊन तिथंच मातीत बसली.

"आमचं शेवटाला घेतासा, तर टाकीत बी येगळं ठेवा की," ती म्हणाली. "तितं कसं चालतंय मिसळून?"

कट्ट्यावर कुणीतरी फिसकन हसलं. दुधाची गाडी भोंगा वाजवत होती. बाळाबाईच्या मागं नंबर असलेली जैन गल्लीतली म्हातारी वैतागली. "घे की रं बाबा तिचं. गाडी जाईल." म्हातारीला न्याय-अन्यायाचं काही नव्हतं. तिचं दूध गाडीत चढायला हवं होतं. सचिवानं माप पुढं केलं.

मी वीस पावलांवर होतो. केसांत कालचा गुलाल तसाच. मी पुढं झालो नाही. गाडी निघाली. तिच्या धुरळ्याआडनं मी स्टँड गाठला.

आठ दिवस कोल्हापुरात एका दोस्ताच्या खोलीवर पडून होतो. कामावरही गेलो नाही. चहा पीत लोकांना शिव्या घालायच्या, लोकशाहीला शिव्या घालायच्या. आपली माणसं नालायक, देश बुडाला, वगैरे. तिकडं बाळाबाई वैरण कापत होती, धार काढत होती, पोरांना शाळेत धाडत होती. आणि रोज सकाळी किटली त्याच जागी ठेवत होती.

परत आलो तेव्हा ती म्हशीखाली बसली होती. कुठं होतात, असं विचारलं नाही. वरही बघितलं नाही.

"म्हशीला काय ठावं कोण पडलं," ती म्हणाली. "ती दोन्ही वक्ताला पान्हा सोडती. पडलासा तुमी. ती न्हाय."

दुसऱ्या सकाळी किटली मी घेऊन गेलो. ठेवली. सचिवानं बघितलं आणि मान फिरवली. कुणी पाय लावला नाही. जागा तयार होती. मी फक्त उभा राहिलो. निकालाचा गुलाल एका दिवसाचा. किटली रोज ठेवावी लागते. हे मला तिथं कळलं.

आणि कळूनही मी चोरी केली.

पुढं युनियनच्या सभेत हा प्रसंग सांगितला. सांगताना किटली मांडीत घेऊन बसणारा मी झालो. टाकीचं वाक्य माझं झालं. टाळ्या पडल्या. मग गारगोटीला सांगितला, शिरोळला सांगितला. दर वेळी सचिव थोडा उंच झाला आणि मी थोडा शूर. एकदा गावातच सांगितला. बाळाबाई बायकांत बसली होती. घरी येताना वाटेत एवढंच म्हणाली, "झ्याक सांगिटलासा. किटलीची कडी मोडकी हुती, तेवढं ऱ्हायलं."

कडी मोडकी होती. म्हणून तिनं ती कवटाळून धरली होती. मला कुठनं माहीत असणार?

ते ऐकूनही मी थांबलो नाही. आणखी कितीतरी वर्षं सांगत राहिलो.

आता पुढच्या महिन्यात संस्थेच्या नव्या इमारतीत माझा सत्कार आहे. पत्रिकेवर छापलंय, 'किटली न हलू देणारा माणूस.' खरं काय ते सांगतो म्हटलं, तर पोरं म्हणतात, बाबा, आता या वयात कशाला उकरता. 

मी जाणार. शाल घेणार नाही. माईक घेणार. मी नाचलो होतो, हे सांगणार. भिंतीआड होतो, हे सांगणार. पळालो, हे सांगणार. किटली बाळाबाईची होती, वाक्य तिचं होतं, कडी मोडकी होती. ती समोर बसलेली असेल. तिच्याकडं बघून सांगणार. टाळी वाजली तर थांबवणार, आणि पहिल्यापासून परत सांगणार.