मागाचा खड्डा बुजवायला निघालेत

विणकराच्या घराला देणगी देणाऱ्यांनो, रविवारी श्रमदानाला येणाऱ्यांनो, आज सकाळी तिथे जे घडले ते लगेच लिहून वाचनालयाच्या फळ्यावर लावते आहे.

मी पोचले तेव्हा दोन मजूर मागाच्या खड्ड्यात मुरूम टाकायला उभे होते. याच खड्ड्यात पाय सोडून या घरात राहणाऱ्या विणकरबाबांनी आयुष्यभर लुगडी विणली. म्हणून तर आपण हे घर राखतो आहोत.

कौले देणारे शेटजी म्हणाले, "फरशी टाकून राहिलो. उद्घाटनाले पावणे येतीन, पडतीन एखादे."

"आणि माग?"

"टेबलावर ठेवू. दिसल्याशी मतलब."

टेबलावर माग चालत नाही, पायाने दाबायच्या त्याच्या पट्ट्या खड्ड्यातच असतात. देणगी मागताना मी तुम्हाला चालता माग दाखवायचा शब्द दिला आहे. मी खड्ड्यात उतरून बसले.

"काहून अडून बसली वं? चार बुकं शिकली तं मालकीण झाली का?" शेटजी म्हणाले.

आपल्या समितीचे अध्यक्ष हसले. "तुह्याच बापानं तं माग मोडून पानठेला टाकला."

खरे आहे. आमच्या घरातला खड्डा बुजवला तेव्हा मी लहान होते, काही बोलले नाही.

शेटजी कौले परत नेईन म्हणाले. पावसात घर गळेल, याची मलाही धास्ती आहे. पण कौले पुन्हा मागून आणता येतील.

उद्या सकाळी शेटजी मजुरांना घेऊन परत येणार आहेत. तुम्ही कुणाच्या बाजूने आहात? ज्यांना खड्डा बुजवायचाच आहे, त्यांनी मुरमाची पाटी स्वतः उचलावी. मी आतच बसलेली असेन.