खिंडीत मी बसवलेले देव

स्पेन देशातल्या एका खिंडीत मी चार देव बसवले, आणि त्यातल्या एकाचीही तिथं गरज नव्हती.

मी तेव्हा तरुण होते. म्हणजे एकसष्टची. (आता नात दुसरीत आहे आणि माझे दोन्ही गुडघे डॉक्टरच्या ताब्यात आहेत. त्यामानानं ते वय कोवळंच!) अंगात रग होती, अक्कल मात्र अजून यायची होती. आमची मंजू नोकरीसाठी तिकडं गेलेली. एक दिवस तिचा फोन आला, "आई, मी इथला एक मुलगा पसंत केला. आंद्रेस नाव हाय. तू येऊन पाहून जा."

इकडं शेतात कपाशीचा वेचा सुरू, त्यामुळे आमच्या ह्यांना हलता येईना. आर्णीच्या बसस्टँडवर मला सोडताना ते म्हणाले, "पोराले मंजीनं पाह्यलं, तू त्याचे मायबाप पाह्य. माणसं बरी नसली तर तोंडावर नाई म्हणून येजो."

"अन् बरी असली तर?"

"तर मंग तू तोंड उघडू नको."

मंजूचा जीव मात्र वेगळ्याच कारणानं टांगणीला लागला होता. आंद्रेस म्हणजे आईबापाचा एकुलता एक. आणि त्याची आई, पिलार, तिनं निरोप पाठवला होता, की मुलगी छानच आहे, पण मुलीची आई कशी आहे ते पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. म्हणजे मी त्यांना पाहायला निघाले होते आणि खरी परीक्षा माझीच होती!

आता हे दोघं दर रविवारी काय करायचे, तर सायकलनं डोंगर चढायचे. डांबरी रस्ता संपला की एका मेंढपाळाच्या झोपडीपाशी सायकली ठेवायच्या आणि पायी खिंड ओलांडून पलीकडं उतरायचं. एक खिंड झाली की दुसरी. (पगार मिळत असताना माणसं असं का करतात, हे मला अजून कळलेलं नाही.) आंद्रेसचं गाव अशाच एका खिंडीच्या पलीकडं. त्याचे आईवडील तिकडून पायी वर येऊन खिंडीत आम्हाला भेटणार, असं ठरलं.

मंजू म्हणाली, "आई, आपण गाडीनं जाऊ. बोगद्यातून अर्ध्या तासात पोचतो."

"गाडीनं? व्याही पायी शिवेवर सामोरे येऊन राह्यले, अन् मी गाडीतून उतरू? मी आर्णीची हाय!"

"आर्णीत चढ कुठं हाय वं?"

"दवाखान्यापाशी नाई का!"

झालं. मला बॅटरीची सायकल मिळाली. साडीचा काष्टा मारला, खाली मंजूची ट्रॅकपँट, पायात तिचेच बूट. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, म्हणून कपाळावर टेकवलं. आंद्रेसनं बॅटरीचं बटन दाखवलं. हळू, मध्यम, जोरात. मी काही हळू आणि मध्यम करायला एवढा समुद्र ओलांडून आले नव्हते!

आणि सायकल अशी सुटली म्हणता! उधळलेल्या गोऱ्ह्यासारखी. वळणामागून वळण, खाली दरी, वर गिधाडं, आणि पुढं तंग कपडे घातलेले सात-आठ काटकुळे बाप्ये, मान खाली घालून धापा टाकत चाललेले. मी त्यांच्या बाजूनं पदर फडफडवत निघून गेले. जाताना घंटी वाजवली. गरज नव्हती. पण वाजवली!

झोपडीपाशी पोचले तेव्हा सायकलची बॅटरी मेली होती, माझी फुल होती. मंजू आणि आंद्रेस बऱ्याच वेळानं आले, तेही पंक्चर घेऊन. ते चाक खोलून बसले. मला कुठला दम? "तुम्ही या मांगून. मी होतो पुढं."

"आई, पायवाट सोडू नको, बरं का!"

"मले शिकवते?"

आता एक गोष्ट सांगते. आमच्याकडं पांढरकवड्याकडं जाताना जंगलात एक छोटा घाट लागतो. तिथं झाडाखाली दगडांची रास आहे. येणारा-जाणारा त्यावर एक दगड ठेवतो, घाटातल्या देवीला हात जोडतो आणि पुढं जातो. ट्रकवालेसुद्धा. तर त्या परमुलखात थोडं चालले, आणि पायवाटेच्या कडेला काय दिसावं? गुडघ्याएवढी दगडांची रास! माझे डोळेच भरून आले. माय माझी, तू इथंही आहेस! मी एक दगड ठेवला, हात जोडले आणि म्हटलं, "पोरगा ठीक दिसते. फक्त त्याची माय खाष्ट नको."

(त्या राशी धुक्यात वाट दाखवायला रचलेल्या असतात, वळणावळणावर. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हे सांगावं लागेल, असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.)

पुढं बराच वेळ रास नाही. एवढा मोठा घाट आणि देवीची अशी आबाळ? मग मीच कंबर कसली. वाट सोडून एका सपाट खडकावर भाकरी-ठेचा खाल्ला, तिथं एक रास. झऱ्यावर पाणी प्यायले, तिथं एक. एका ठिकाणाहून दरी फार सुंदर दिसली, तिथं एक. दगड कमी पडले तर जुन्या राशीतले चार उचलून आणले. देवाचेच देवाला, त्यात काय! आणि एक रास… कसं सांगू, वाटेपासून बरंच आत एक काटेरी झुडूप होतं, त्याच्यामागं मला आडोशाला जावं लागलं. देवीची जागा बाटवली असं मनाला लागलं, म्हणून तिथं सगळ्यात मोठी रास रचली. कंबरेएवढी. माफीची.

मग ऐटीत खिंडीत पोचले. माथ्यावर कोणी नाही. तेवढ्यात खालून धुकं चढलं, असं की स्वतःचे बूट दिसेनात. बऱ्याच वेळानं मंजू आणि आंद्रेस धापा टाकत उगवले. मंजूच्या केसांत काटे.

"आई, खाली कोण्या येड्यानं जिकडंतिकडं राशी करून ठेवल्या! आम्ही दरीच्या काठापर्यंत जाऊन आलो!"

"काय माणसं असतात एकेक!" मी म्हटलं. चांगल्या दोन शिव्याही दिल्या त्या माणसाला.

इतक्यात आंद्रेसचा फोन वाजला. त्याची आई. ती दोघं केव्हाच वर येऊन गेली होती. कोणी दिसेना, म्हणून आम्हाला घ्यायला आमच्या बाजूनं खाली उतरली होती. मी झुडपामागं असताना ती वाटेनं गेली असणार, आणि पोरं माझ्या राशींमागं भटकत असताना त्यांनाही चुकली असणार. एका डोंगरावर पाच माणसं आणि कोणाची कोणाशी गाठ नाही! मंजूनं सांगितलं, "त्या म्हणतात, धुकं लई हाय, आता राशी पाहत पाहत वर येऊन राह्यलो."

आणि फोन कटला. पुन्हा लागेचना. आंद्रेस दरीच्या दिशेला पाहू लागला. पोराचा चेहरा पांढराफटक.

मी दोनदा घसा खाकरला. "मंजे, त्या येड्याले मी ओळखतो."

"कोण हाय?"

"मी."

मंजूनं हे आंद्रेसला सांगितलं नाही. नुसती डोळे मिटून उभी राहिली. मी म्हटलं, "रडत नको बसू. राशी माझ्या हायेत, मले आंधारात सापडतीन. चाला!"

मी पुढं, पोरं मागं. रानडुकरं हाकलून कमावलेला माझा आवाज त्या दिवशी कामी आला. "ओऽऽ व्याहीबुवा!" अशी हाक दिली की समोरचा डोंगर दचकून ओ द्यायचा. दरीवरची रास सापडली. तिथं कोणी नाही. (तिथं कोणी नव्हतं, हे पाहून मी आधी देवीला हात जोडले.) झऱ्यावर ओले बुटांचे ठसे, माणसं नाहीत. खडकावर माझ्याच भाकरीचे तुकडे. आता एकच जागा उरली.

"तुम्ही इथं थांबा. तिथं मी एकटी जातो."

"काहून?"

"काहून म्हणजे… असंच!"

पण पोरं थांबतात थोडीच. झुडपामागं गेलो, तर माझ्या राशीला पाठ टेकून, वाऱ्याचा आडोसा धरून व्याही-विहीण निवांत पाव आणि चीज खात बसलेले! पिलार मंजूला म्हणाली, "एवढी मोठी रास आहे, म्हणजे जागा महत्त्वाची असणार. म्हटलं, इथून हलायचं नाही." माझी रास नसती तर दोघं धुक्यात चालतच राहिली असती! (माझ्या बाकीच्या राशी नसत्या तर ती इथं आलीच नसती, हा मुद्दा मंजूनं नंतर काढला.)

मग पिलारनं विचारलं, "ही कोणी रचली?"

मी माझ्या छातीवर बोट ठेवलं, मग राशीला हात जोडून दाखवले, आणि मंजूनं तिला आमच्या घाटातली देवी समजावली. माणसं बरी होती. म्हणजे ह्यांच्या हिशेबानं मी तोंड उघडायचं नव्हतं. पण ती माझ्याकडं थेट पाहत होती. तिनं विचारलं, "देवीकडं काय मागितलं?"

"सांग तिले, सासू खाष्ट नको म्हणून मागतलं."

"आई! मी हे नाई सांगत!"

"सांग म्हणतो ना!"

मंजूनं जमिनीकडं पाहत सांगितलं. व्याह्यांचा पाव हातातच राहिला. मग पिलार उठली, एक चपटा दगड शोधला, माझ्या राशीवर ठेवला, माझ्यासारखेच हात जोडले आणि काहीतरी पुटपुटली. आंद्रेस खो खो हसत सुटला.

"काय म्हणते वं?"

मंजूला हसावं की रडावं कळेना. "त्या म्हणतात, मीही मागितलं. सुनेची आई आमच्याकडं मुक्कामाला येऊ नये!"

त्यानंतर आम्ही दोघी अशा हसलो, की एकमेकींना धरून उभं राहावं लागलं. आमचं ठरलं ते तिथंच, त्या झुडपामागं. वर जाताना तिनं माझी एकेक रास मला मोडायला लावली, उसने आणलेले दगड मूळ राशीवर परत ठेवायला लावले, आणि रास कुठं असावी, का असावी, हे हातवारे करून शिकवलं. खाष्टच आहे ती! पण आपल्यातली. (तिचं मागणं काही देवीनं ऐकलं नाही. गुडघ्यांनी परवानगी दिली की मी जाते आणि चांगली महिनाभर राहते.)

अजूनही आर्णीत बाया विचारतात, "काहो, एवढ्या दूर देशात एवढे चांगले व्याही तुम्हाले सापडले कसे?"

मी पदर सावरते, मान ताठ करते आणि सांगते, "सोपं हाय. आधी हरवले."