हान्नाला दिलेला शब्द

इथल्या रिकार्टन भागातल्या भारतीय दुकानात मी मेथीची जुडी निवडत होते, तेव्हा ओक्सानाचा फोन आला. ती माझी ऑफिसातली मैत्रीण आणि शेजारीणही. "बाबा सकाळी गेले," एवढंच म्हणाली. जुडी तिथेच ठेवून मी गाडी काढली. त्याला आता दीडएक महिना झाला.

तिचे बाबा, मिकोला, एकेकाळी युक्रेनचे मुख्य सरकारी वकील होते, हे आमच्या स्ट्रीटवर कुणाच्या गावीही नव्हतं. लोकांना दिसायचा तो वाफ्यात बीट लावणारा, जँडल्स म्हणजे रबरी चपला घालून कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणणारा म्हातारा. इंग्रजी बेताचंच. पण माझे वडील पुण्याच्या कोर्टात वकिली करायचे हे कळलं आणि ते माझ्याशी बोलायला लागले.

त्यांच्या कारकिर्दीत एका कारखान्याला आग लागली. दारं बाहेरून कुलूपबंद, कामाच्या पाळीवरच्या बायका आत जळाल्या. मालक अध्यक्षांच्या खास मर्जीतला. निवडणूक होईपर्यंत थांबा, असं मिकोलांना वरून सांगितलं गेलं. ते थांबले नाहीत, त्यांनी मालकावर खटला भरला. अध्यक्षांचं आणि पंतप्रधानांचं हाडवैर. त्यामुळे लगेच बोंब उठली की हा पंतप्रधानांना विकला गेला. पुढे पंतप्रधानांचा गट जिंकला. आता तरी मार्ग मोकळा होईल, असं मिकोलांना वाटलं. पण नव्या लोकांना आगीशी देणंघेणं नव्हतं. त्यांना विरोधकांचा अख्खा गोतावळा तुरुंगात टाकायचा होता. पुरावा नाही म्हणून मिकोलांनी नकार दिला आणि त्यांना घरी बसवलं गेलं. मालक तोवर पक्ष बदलून नव्या सरकारच्या पंगतीत बसला होता.

आगीत गेलेल्या एका मुलीची आई, हान्ना, आधी त्यांच्या ऑफिसात येऊन बसायची, मग घरी यायला लागली. पुढे युद्ध आलं. हान्नाचं गाव उद्ध्वस्त झालं, तिचा पत्ताच लागेना. ओक्साना बाबांना इकडे घेऊन आली.

दोनेक वर्षांपूर्वी हिवाळ्यात चहा पिताना मी विचारलं, पुन्हा तीच वेळ आली तर?

"खटला भरीन," ते म्हणाले. "पण हान्नाला न्याय मिळेल असं सांगणार नाही. मालक पैसे देऊन तडजोडीला तयार होता. मी शब्द दिला, म्हणून ती नाही म्हणाली."

तुमचं काम तुम्ही केलंत, असं काहीतरी मी बोलायला गेले. त्यांनी हातानेच थांबवलं.

नंतर कीव्हहून निरोप आला, खटला पुन्हा उभा राहतोय, तुमची साक्ष व्हिडिओवर घेऊ. तारीख पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि शेवटी मुदत संपली म्हणून खटलाच बंद झाला. ओक्सानाने सांगितलं तेव्हा ते "बरं" म्हणाले आणि वाफ्याला पाणी घालायला गेले. त्या वर्षी बीट लावलं नाही.

अंत्यसंस्काराला आम्ही मोजकेच होतो. तिकडच्या एका वर्तमानपत्राने त्यांना अध्यक्षांचा माणूस म्हटलं, दुसऱ्याने पंतप्रधानांचा. आगीबद्दल कुणीच लिहिलं नव्हतं.

परवा खोली आवरायला ओक्सानाने मला बोलावलं. दारामागच्या खुंटीवर निळा टाय होता, गाठ मारलेलाच. बाबांचे हात थरथरायचे, म्हणून तिने ती एकदाच बांधून दिली होती, असं तिने सांगितलं. साक्षीला कधीही बोलावतील म्हणून ते रोज सकाळी तो डोक्यातून घालायचे आणि लॅपटॉपसमोर बसायचे.

मी गाठ सोडायला लागले.

"राहू दे," ती म्हणाली. "खटला बंद झाल्यावरही बसायचे गं ते."