आईची स्वखुशी

मी पासपोर्टसाठी अर्ज केला होता, म्हणून चौकशीला पोलीस घरी येणार हे आईला ठाऊक होतं. आलेल्यांचं नीट चहापाणी कर, असं मीच तिला बजावून धुळ्याला नोकरीवर गेले होते. त्याबद्दल मला माझीच चीड येते.

दोघे आले, साध्या कपड्यांत. पासपोर्टचं काम आहे म्हणाले. आई चाळीसगावकडच्या खेड्यातली. जळगावात, मेहरूणला येऊन तीस वर्षं झाली तरी दारात आलेल्याला ताटकळत ठेवणं तिला जमत नाही. तिने चहा दिला, माझं कौतुक ऐकवलं. घर बघावं लागतं म्हटल्यावर कपाटंसुद्धा स्वतःच उघडली. जाताना बरोबर चार बिबड्या, ज्वारीचे पापड, द्याव्यात म्हणून त्यांना गच्चीवर नेलं. गच्चीवरची खोली माझ्या धाकट्या भावाची. तो मोबाइल दुरुस्त करतो. आई वाळलेल्या बिबड्या कागदात बांधत होती, तेवढ्यात त्यांनी खोलीतल्या फळीवरचे सहा मोबाइल उचलले. त्यांतला एक चोरीचा निघाला. कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेलेला, आणि भावाने त्याचं नाव लिहून घेतलं नव्हतं. ही त्याची चूक, कबूल. पण झडतीच घ्यायची होती तर तसं सांगून यायचं होतं. माझा अर्ज ठाण्यात पडून होता, तो यांनी निमित्ताला वापरला.

पासपोर्टचाच कागद आहे सांगून आईची सही घेतली. त्यावर लिहिलं होतं, घरमालकिणीने स्वखुशीने खोली दाखवली. पंच म्हणून शेजारच्या नानांना संध्याकाळी ठाण्यात बोलावलं. झडतीच्या वेळी नाना गावातही नव्हते.

वकीलबाई म्हणाल्या, झडतीचं कारण आधी लिहायला हवं, पंच समोर हवेत, चित्रीकरण हवं, सगळं कायद्यात आहे. आणि झडती चुकीची ठरली तरी सापडलेला माल पुरावा म्हणून चालू शकतो, हेही कायद्यातच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग ते नियम काय शोभेला आहेत?

भाऊ जामिनावर सुटला आणि आईशी बोलेना. तूच सही दिलीस, एवढंच म्हणाला. आई जेवेना. कागदावरची ती स्वखुशी पुसली जावी, एवढ्यासाठी मी वरच्या पोलीस अधिकाऱ्यांकडे तक्रार केली. चौकशी करणाऱ्या साहेबांनी आईला जबाबाला बोलावलं. दमदाटी केली का, शिवीगाळ केली का, असं विचारलं. आई नाही म्हणाली.

"खोली कोणी दाखवली?"

"मीच दाखाडी. पासपोर्टना मानसे शेत, आसं त्यासनी सांगं म्हनीसन."

लिहून घेणाऱ्याला साहेब म्हणाले, पहिलं वाक्य घ्या. पासपोर्टची माणसं आहेत असं त्यांनी सांगितलं म्हणून, हे दुसरंही घ्या, मी म्हटलं. जबाब तुमचा नाही, बाहेर बसा, म्हणाले.

या वेळी सही घेण्याआधी त्यांनी आईला कागद वाचून दाखवला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.